साळुबाईची वाकी

मंचरच्या एस.टी. स्टँडमागे, पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, राजरत्न रणपिसे विमा कंपन्यांसाठी चौकशीचं काम करत. जळालेल्या कांदाचाळी, चोरीला गेलेले ट्रॅक्टर, कागदावर मेलेल्या आणि शेजारच्या तालुक्यात दूध देताना सापडलेल्या म्हशी... असले दावे त्यांनी इतके पाहिले होते, की कुणी काही गेलं म्हणून सांगत आलं तर ते आधी उलटंच विचारत.

तेजस्विनी भालेरावलाही त्यांनी तेच विचारलं.

"गेलं ते कळलं, बाळ. राहिलं काय?"

२००७ चा मार्च होता. उन्हातून आलेली तेजस्विनी अजून धापा टाकत होती.

"हात राहिला," ती म्हणाली. "बोट राहिलं. संगणकही राहिला."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत बसलेले सयाजी वायाळ ताडकन सरळ झाले. "हात? कुनाचा हात, ताई?"

सयाजी हे रणपिसेंचे जोडीदार. जीप त्यांची, सोबत त्यांची, आणि कुठल्याही प्रकरणात सगळ्यांच्या आधी चोर ठरवून मोकळं व्हायचं कामही त्यांचंच.

"रबराचा हात आहे, काका," तेजस्विनी म्हणाली. मग तिने सगळं नीट सांगितलं.

ती लोणीची. वडील भागुजी भालेराव आणि रणपिसे यांची विहाराच्या कामातली जुनी ओळख. पुण्याच्या विद्यापीठात ती स्पर्शावर संशोधन करत होती. फोनवरून जसा आवाज पोचतो, तसा यंत्रातून स्पर्श पोचवता येईल का, हा तिच्या प्रबंधाचा विषय. कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेलेली माणसं या पट्ट्यात गावोगाव होती, म्हणून विभागाने निरगुडसरला दूध डेअरीशेजारी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथे साळुबाई नावाच्या बाईवर प्रयोग चालू होते. साळुबाईंचा उजवा हात कोपराखाली गेलेला. त्यांना तेजस्विनीने रबरी हात बसवला. त्या हाताच्या बोटाच्या टोकाला तिने बनवलेला एक पातळ तुकडा होता. बोट कशाला टेकलं की त्याला कळे. ते कळलेलं कमरेच्या पेटीत जाई, आणि पेटीतून दंडाला बांधलेल्या पट्टीत. पट्टीतल्या लहान मोटारी दंडाची कातडी दाबत, आणि साळुबाईंना बोटाने शिवल्यासारखं वाटे. साळुबाई त्या पट्टीला वाकी म्हणत. मग सगळेच म्हणू लागले.

"पहिल्यांदा त्यांनी नातीच्या गालाला हात लावला ना, काका, तेव्हा त्या रडल्या. आम्ही सगळेच रडलो."

"आणि ती वाकी गेली."

"फक्त वाकी. काल दुपारी कुलूप लावताना होती म्हणे, आज सकाळी मी कपाट उघडलं तर नाही. कुलूप शाबूत आहे. आणि सोमवारी दिल्लीहून समिती येणार आहे."

"ती काय बघनार?" सयाजींनी विचारलं.

"सगळं. प्रत्येक भाग उघडून बघणार आहोत, असा त्यांचा परवाच निरोप आला. त्यांनी हो म्हटलं तर असे हात शेकडो लोकांना मिळतील. माझा प्रबंध होईल. आणि..." ती थांबली. आणि सोबत काम करणारा सुदर्शन लग्नाचं घरी बोलेल, हे तिला म्हणायचं होतं. ते तिने गिळलं.

"तुझ्या बोटाला किती वर्षं लागली?" रणपिसेंनी विचारलं.

"चार."

"आणि वाकीला?"

"वाकीत काय आहे? मोटारी, पट्टा, बॅटरी. कुणीही बनवेल. सोमवारच्या आत होणार नाही एवढंच."

"म्हणजे चोराने मोती ठेवला आणि डबी नेली." रणपिसेंनी टेबलावरचे फुटाणे खिशात टाकले. "सयाजीराव, जीप काढा."

"चोर येडा दिसतोय, राव," सयाजी जिना उतरताना म्हणाले.

"येडा असता तर हात नेला असता."

निरगुडसरच्या त्या दोन खोल्यांपैकी पुढची उजेडाची होती. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथेच ते लोखंडी कपाट. रणपिसेंनी दार उघडून आत हात घातला, तर दार आपोआप परत येऊन त्यांच्या मनगटावर आदळलं.

"फरशी उताराला आहे," तेजस्विनी म्हणाली. "डाव्या हाताने दार धरून ठेवावं लागतं."

"दिवे गेले की इथे काय दिसतं?"

"काहीच नाही. दुपारचं भारनियमन सुरू झालं की आम्ही पुढच्या खोलीत येऊन बसतो."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक आमच्याकडे असते, एक रखमाजींकडे. कपाट त्यांचंच आहे."

रखमाजी हे खोल्यांचे मालक. शेजारच्या डेअरीत दूध मोजून घेत होते. सयाजींनी त्यांच्या मिशा बघितल्या आणि रणपिसेंच्या कानात सांगितलं, हाच.

"व्हय, मला खोल्या मोकळ्या पायजेत," रखमाजींनी हात पुसत सरळ सांगून टाकलं. "पोराला खताचं दुकान टाकायचंय. पन म्हून मी बाईमानसाची वाकी चोरीन? अवो, साळुबाई माजी चुलतभैन लागती. काल सांजंला हितं शंभर मानूस दूध घालाया व्हतं. मी जागचा हाललो न्हाई, कुनालाबी इचारा."

"काल त्या खोल्यांमधून कोण कधी गेलं, दिसलं का?"

"तेजूताई काल नव्हत्या. मंचरला गेल्या व्हत्या, पावन्यांच्या राहन्याचं बघाया. सुदर्शनभाऊ लाईट गेल्यावर पिशवी घिऊन निघाला. माझ्या वट्यावर थांबला, पानी पिला. 'कपाटाची किल्ली हर्षालीकडं देऊन चाललोय,' म्हनला."

"तुम्ही विचारलं होतं?"

"न्हाई बा. मला काय करायचीय किल्ली?"

"आणि हर्षाली?"

"ती दिवस मावळताना गेली. पिशवी व्हती खांद्याला. रोजच असती."

हर्षाली तेजस्विनीहून लहान, त्याच विभागात संशोधन करणारी. ती पुढच्या खोलीत टेबलाशी बसली होती. रणपिसेंनी विचारण्याआधीच ती म्हणाली, "माझ्यावर संशय आहे ना? असणारच. किल्ली माझ्याकडे होती."

"आणि त्या शोधनिबंधात नाव नव्हतं," रणपिसे म्हणाले.

तेजस्विनी चपापली. हे तिने सांगितलं नव्हतं. भिंतीवर निबंधाचं पहिलं पान चिकटवलेलं होतं. त्यावर दोनच नावं होती, तिचं आणि सुदर्शन गाढवे याचं.

"नव्हतं," हर्षाली म्हणाली. "वर्षभर साळुमावशींच्या नोंदी मी ठेवल्या. वाईट वाटलं. पण वाकी नेऊन मला काय मिळणार होतं?"

"कालची दुपार सांग."

"काल माझा प्रयोग होता. बोटं बधिर केली तर माणसाला कापडाचा पोत ओळखता येतो का, असा. मंचरच्या डॉक्टरांनी जेवणानंतर येऊन सुदर्शनदादाच्या उजव्या हाताला, बोटांच्या मुळाशी भुलीच्या सुया दिल्या. खादी, रेशीम, पोतं, सगळं त्याला सारखंच. मग चहा आला. याने उकळता पेला तसाच धरला आणि बोलत बसला. बोटं भाजून लाल झाली तरी पत्ता नाही. मीच ओरडले." ती ओझरतं हसली. "तेवढ्यात लाईट गेली. त्याने मागे जाऊन कपाटात सामान ठेवलं, कुलूप लावलं, मला किल्ली दिली आणि तो गेला. मी इथे लिहीत बसले. कपाटाकडे गेले नाही."

"हर्षाली, खरं सांग," तेजस्विनी एकदम बोलून गेली.

हर्षालीने तिच्याकडे पाहिलं. वही मिटून उठली आणि बाहेर निघून गेली.

"हीच," सयाजी जीपजवळ म्हणाले. "किल्ली हिच्याकडं, राग हिच्या मनात. लई सरळ हाय, राव."

"लई सरळ आहे खरं," रणपिसे म्हणाले.

सुदर्शन संध्याकाळी पिंपरी पेंढारहून आला. घरची बागायत मोठी, पण गडी साधा. जुन्या राजदूतवरून उतरला तो धावतच तेजस्विनीजवळ आला. "तेजू, सापडली का?" त्याचा आवाज ऐकून तिला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. पेटी आणि वाकी यांचं काम सुदर्शनचं होतं. ती बोट बनवायची, तो ते बोट दंडापर्यंत पोचवायचा. चार वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवले होते. समितीचं झालं की मी घरी बोलतो, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. तिचं घर बौद्धवाड्यात आणि त्याचं पाटलांच्या आळीत, त्यामुळे ते बोलणं सोपं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

सयाजी राजदूतभोवती फिरून आले. किल्लीच्या कडीला काळी डबी लोंबत होती, तिच्यावर बटण.

"भाऊ, राजदूतला रिमोट? चोरघंटी बसवली काय?"

"नाही हो. नवी गाडी घ्यायचीय, तिच्यासाठी आधीच घेऊन ठेवलाय." सुदर्शनने किल्ली खिशात टाकली.

"कालचं जरा सांगता?" रणपिसेंनी विचारलं. "कपाट शेवटचं तुम्ही लावलंत."

"हो. आणि वाकी होती, याची मी खात्री केली होती. लाईट गेलेली, मागे काळोख. डाव्या हाताने दार धरलं आणि उजवा हात आत घालून चाचपलं. आधी पट्ट्याचा खरखरीतपणा लागला, मग मोटारीचा गार पत्रा. वरच्या खणात, उजवीकडे. मग कुलूप लावलं." तो क्षणभर घुटमळला. "हर्षालीबद्दल मला काही बोलायचं नाही. लहान आहे ती. चूक झाली असेल तर आपण आपसात मिटवू. तिचं करिअर खराब नको व्हायला."

किती मोठं मन, तेजस्विनीला वाटलं. रणपिसेंनी सुदर्शनशी हस्तांदोलन केलं आणि त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर पाण्याने भरलेले फोड होते.

"औषध लावा," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी ते साळुबाईंच्या घरी गेले. साळुबाई एका हाताने म्हशीपुढे वैरण टाकत होत्या. पाहुणे बघून त्यांनी पदर सारखा केला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

"कोन मेलं नेलं कुनाला ठावं," त्या म्हणाल्या. "माजं काळीजच नेलं, भाऊ. वाकी बांदली की हात आल्यावानी व्हतं. नातीच्या गालावर बोट ठिवलं ना, की हितं दंडात असं मऊ मऊ लागतं. येकदा तर काय झालं, ती द्वाड पोर गाल काढून पळाली, तरी मला गाल लागतच व्हता! येक घडीभर. माया म्हनत्यात ती हीच."

सयाजींनी डोळे पुसले. रणपिसेंनी चहाची बशी खाली ठेवली.

"त्या वेळी खोलीत कोण कुठे होतं, आठवतं?"

"आठवतं की. तेजूताई माझ्याफुडं. हर्षाली लिवत व्हती. सुदर्शनभाऊ दारात हुभा. खिशात हात घालून हुभा ऱ्हातो, नेमी."

"आणि कधी लागलंच नाही, असं झालं?"

"येकदा. हर्षालीनं मागल्या खोलीत दार लावून घेतलं व्हतं. म्हनली, मावशी, कुनी बघाया नको, शांत बसून सांगा. तवा काय बी कळंना. दगडावर बोट ठिव, न्हाईतर कापसावर."

"बॅटरी उतरली होती," तेजस्विनी चटकन म्हणाली. "सुदर्शनने दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं."

हे म्हणताना तिने रणपिसेंकडे बघायचं टाळलं. का ते तिने स्वतःला विचारलं नाही.

"ती वाकी नाही, पण जुनी एखादी?" रणपिसेंनी विचारलं.

"हाय की! पैली. पुन्यात सगळ्या सायबांफुडं बांदली व्हती ती. नवी झाल्यावर मी मागून घेतली. देवाजवळ ठिवलीय."

रणपिसेंनी ती पाहायला घेतली. सयाजींना घड्याळात घालतात तसले पेन्सिल सेल आणायला पाठवलं. मग साळुबाईंना बाजूला नेऊन बराच वेळ हळू आवाजात बोलले. तेजस्विनीला ओसरीवरून फक्त साळुबाईंचा चेहरा दिसत होता. तो हळूहळू दगडासारखा होत गेला. शेवटी साळुबाईंनी एकदाच मान हलवली.

"काका, काय झालं?"

"उद्या सगळ्यांना खोलीवर बोलाव," रणपिसे म्हणाले. "उद्या ऐकशील ते आज ऐकावंसं वाटत असेल तर सांगतो. पण तू विश्वास ठेवणार नाहीस."

तिने विचारलं नाही. रविवारची सकाळ उजाडेपर्यंत ती स्वतःला बजावत राहिली, की हर्षालीनेच नेली असेल.

रविवारी पुढच्या खोलीत सगळे जमले. रखमाजी दाराशी, हर्षाली भिंतीला टेकून, सुदर्शन तेजस्विनीशेजारी. साळुबाई खुर्चीत बसल्या होत्या, अंगाभोवती पदर लपेटून. रबरी हात समोर टेबलावर पडलेला. सयाजींनी आत डोकावून सुदर्शनला म्हटलं, "भाऊ, तुमची राजदूत जीपच्या आडवी हाय. किल्ली द्या, जरा सरकवतो." सुदर्शनने किल्ली दिली.

"गाड्या जळाल्याचे दावे येतात माझ्याकडे," रणपिसेंनी सुरुवात केली. "गाडीतला टेप आधी काढून घेतलेला असेल, तर मालकानेच काडी लावली हे समजतं. म्हणून मी राहिलं काय ते विचारतो. इथे चार वर्षांचं बोट राहिलं. आराखड्यांचा संगणक राहिला. ज्याला शोध चोरायचा होता, त्याने हे सोडलं नसतं. रखमाजींना खोल्या रिकाम्या हव्या होत्या, तर त्यांनी सगळंच फेकलं असतं. हर्षालीला राग होता, तर तो निघायचा बोटावर, ज्याच्यामुळे तिच्या ताईचं नाव झालं. वाकी कुणीही बनवू शकतो. मग ती नेली कशाला? मला एकच उत्तर सुचलं. ती वापरायला नेलेली नाही. कुणाला दिसू नये म्हणून नेली. सोमवारी समिती ती उघडणार होती."

"उघडून काय दिसलं असतं?" तेजस्विनीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"सांगतो. आधी कधी गेली ते बघू. सुदर्शनराव म्हणतात, त्यांनी काळोखात उजव्या हाताने चाचपलं. पट्टा खरखरीत लागला, पत्रा गार लागला. म्हणजे ते गेले तेव्हा वाकी होती, आणि मग किल्ली हर्षालीकडे. पण त्याच दुपारी त्या उजव्या हाताच्या बोटांना भूल दिलेली होती. खादी आणि रेशीम सारखंच लागत होतं. उकळत्या पेल्याने फोड आले तरी समजलं नाही. आणि लगेच पाठोपाठ त्याच बोटांना अंधारात गार पत्रा समजला?"

हर्षालीने तोंडावर हात घेतला.

"डाव्या हाताने चाचपलं असेल," सुदर्शन म्हणाला. "लक्षात नसेल मला."

"डाव्या हातात दार होतं. तुम्हीच सांगितलंत. आणि त्या कपाटाचं दार सोडता येत नाही, माझं मनगट अजून दुखतंय. वाकी तेव्हा तुमच्या पिशवीत होती. म्हणून रखमाजींनी विचारलं नसताना त्यांना किल्लीची बातमी दिलीत."

"पण मी कशाला?" सुदर्शन ओरडला. "माझंच काम आहे ते! माझंच काम मी कशाला चोरीन?"

"साळुबाईंनी सांगितलं म्हणून कळलं. नात गाल काढून पळाली, तरी गाल लागत राहिला. दार लावलेल्या खोलीत मात्र काहीच लागलं नाही. बोटाला समजत असतं, तर गाल गेल्यावर थांबलं असतं, आणि बंद खोलीतही लागलं असतं. म्हणजे बोट कुठे टेकतंय हे बघणारं दुसरं कुणीतरी होतं. ते दारात उभं राहायचं, खिशात हात घालून. बघायला मिळालं नाही की जमत नव्हतं. आणि पोर अचानक पळाली तर बोट बटणावरून काढायला उशीर व्हायचा."

रखमाजी दारातून बाजूला सरकले.

"सयाजीराव," रणपिसेंनी हाक मारली.

सयाजी बाहेर राजदूतजवळ उभे होते. दारातून त्यांच्या हातातली किल्ली दिसत होती. त्यांनी काळ्या डबीचं बटण दाबलं.

साळुबाई खुर्चीत दचकल्या. पदराखाली बारीक घरघर झाली.

"लागलं," त्या म्हणाल्या.

सयाजींनी पुन्हा दाबलं.

"पुन्ना लागलं. तसंच मऊ." साळुबाईंनी पदर सरकवला. दंडावर जुनी वाकी बांधलेली होती. ना पेटी, ना हात. हात टेबलावर पडला होता, आणि त्याचं बोट कशालाच टेकलेलं नव्हतं.

तेजस्विनी त्या बोटाकडे बघत राहिली. चार वर्षांत तिने ते किती वेळा सोलून पुन्हा बांधलं होतं. ते काम देतं म्हणून तिने वडिलांना सांगितलं होतं, विभागाला सांगितलं होतं, निबंधात छापलं होतं. तिने सुदर्शनकडे मान वळवली. तो खाली बघत होता.

"पहिल्या दिवसापुरतं केलं होतं, तेजू," तो म्हणाला. "पेटीचं मला जमतच नव्हतं. बोटातून येणारं इतकं बारीक होतं, की पेटीत हरवून जायचं. विभागातले सगळे येणार, तू रात्ररात्र जागलेली... मला तुझा चेहरा बघवला नसता. म्हटलं, एवढा दिवस जाऊ दे, मग खरं बसवतो."

"मग?"

"मग साळुमावशी रडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अधिव्याख्यात्याची जागा कबूल झाली. कुणाला सांगणार होतो?"

"मला," तेजस्विनी म्हणाली.

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं सगळं."

"आणि हर्षाली?"

"तिचं काय जाणार होतं? थोडी बोलणी खाल्ली असती, मिटलं असतं."

त्या वाक्यासरशी तेजस्विनीच्या आत इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. खोटं बोलला, भ्याला, हे तिने कदाचित कधीतरी समजून घेतलं असतं. पण ज्या शांतपणे त्याने त्या पोरीचं नाव पुढे केलं होतं, आणि वर मोठं मन दाखवलं होतं, तो माणूस तिला ओळखीचा नव्हता. आणि ती त्याच्याशी संसार मांडणार होती.

"वाकी कुठे आहे?" रणपिसेंनी विचारलं.

"कालव्यात टाकली."

साळुबाई उठल्या. आपल्या डाव्या हाताने दंडावरचा पट्टा सोडवायला लागल्या. निघेना, तेव्हा टोक दातात धरून ओढलं. हर्षाली पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सुटलेली वाकी त्यांनी टेबलावर रबरी हाताशेजारी ठेवली.

"मी घरी जाऊन त्या पोरीला सांगितलं व्हतं रे," त्या सुदर्शनला म्हणाल्या, "तुझा गाल मला कळला म्हून. आता तिला काय सांगू?"

रखमाजी बहिणीला हाताला धरून घेऊन गेले.

सोमवारी समिती आली. तेजस्विनीने त्यांना चहा दिला, समोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. बोटाला समजतं, एवढं खरं आहे. पुढे माणसापर्यंत काही पोचत नाही, आणि आजवर पोचल्याचं जे दाखवलं ते खोटं होतं. पाहुण्यांनी बोट तपासलं, ते काम देत होतं. पण त्यांनी बाकी काही मंजूर केलं नाही, आणि लगेच निघून गेले. निबंध मागे घ्यावा लागला. प्रबंध लांबला. सुदर्शनची जागा गेली. त्याचे फोन येत राहिले, ते तिने घेतले नाहीत. पिंपरी पेंढारला त्याच्या घरी तिचं नाव कधी निघालंच नव्हतं, हे तिला नंतर तिसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी ती लोणीला गेली आणि वडिलांच्या समोर बसून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. भागुजी ताट वाढून घेऊन आले.

हर्षाली पेटीच्या कामाला बसायला तयार झाली, पण त्याआधी एक गोष्ट बोलली. "ताई, त्याने माझं नाव घेतलं त्याचं मला फार नाही. पण तुम्हीही मला 'खरं सांग' म्हणालात."

"म्हणाले," तेजस्विनी म्हणाली. "माझं चुकलं."

एवढ्यावर ते संपलं नाही. पण दोघी एका टेबलावर बसू लागल्या.

साळुबाईंच्या घरी जायला तिला फार दिवस धीर झाला नाही. शेवटी रणपिसेच म्हणाले, "जा. दारातून हाकललं तर परत ये." साळुबाईंनी हाकललं नाही. बस म्हणाल्या नाहीत, चहाही विचारला नाही. वैरण टाकत राहिल्या. तेजस्विनी गोठ्याच्या दारात उभी राहून माफी मागत होती, तेव्हा त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"तुला ठावं नव्हतं, ते सयाजीभाऊनं सांगितलं मला," शेवटी त्या म्हणाल्या. "पन तू मला कदी इचारलंच न्हाई, मावशी, नक्की लागतंय का. तू इचारायचीस, कसं लागतंय. मग मी बी सांगत गेले."

ते खरं होतं.

दिवाळीनंतर हर्षालीची पेटी तयार झाली. दोघी निरगुडसरला गेल्या. साळुबाईंनी नातीला बाहेर खेळायला पाठवलं. "तिला नगं बसवू फुडं," एवढंच म्हणाल्या. मागच्या खोलीत दार लावून, दिवा मालवून तेजस्विनीने नवी वाकी बांधली, हात बसवला आणि बोटाखाली कापूस सरकवला.

"मावशी, लागतंय का?"

अंधारात साळुबाईंनी बोट दाबून बघितलं, मग पुन्हा दाबलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "काय बी न्हाई लागलं."

"बरं," तेजस्विनी म्हणाली.

हर्षालीने दार किलकिलं करून उजेड घेतला आणि तसं लिहिलं. तेजस्विनी पट्टा सोडवायला पुढे झाली, तर साळुबाईंनी दंड मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे की," त्या म्हणाल्या. "पुन्ना ठिव."